भिंतीआडची ओल

१२ जुलै

खोकला : उठल्याबरोबर सहा वेळा. न्याहारीनंतर दोनदा. पडवीत जाळी विणायला बसला, मग एकदाही नाही.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. ओव्हीद केव्हा खोकतो, कुठे खोकतो, रोज लिहायचं. पानावर दोन रकाने छापलेत, वेळ आणि जागा. खाली सगळं पान कोरं! एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली मी. रिकामं पातेलं दिसलं की त्यात काहीतरी टाकावंसं वाटतं. तसंच हे.

ओव्हीद म्हणाला, "माझा खोकला मोजायला बसलीस आता?"

म्हटलं, "पंचेचाळीस वर्षं तुझं घोरणं मोजलं, त्यापेक्षा हे बरं."

१३ जुलै

खोकला : झोपायच्या खोलीत सात. चर्चमध्ये एकही नाही. फादरना वाटलं, त्यांचं प्रवचन आवडलं.

१६ जुलै

चार दिवस पाऊस. थांबतो तेव्हा खाडीवरून वाफ येते, म्हणजे थांबून काही उपयोग नाही.

मीठ सादळलं. मीठदाणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवते, यंदा तांदूळच ओले झाले. ओव्हीदचे चर्चला जायचे बूट कपाटातून काढले — हिरवेगार. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकाला लव आली आहे. मंगळवारचा पाव गुरुवारी दाढी वाढवून बसतो. हवेतलं पाणी ओढणाऱ्या यंत्राची बादली दिवसातून दोनदा ओतते, आणि दोन्ही वेळा वाटतं, एवढं पाणी आपण श्वासातून घेत होतो!

ह्याचं मला काही नाही. खाडीकाठी जन्म गेला. इथे बुरशी घरातलीच एक, तिला रविवारी कपड्याने पुसायचं आणि सोमवारी पुन्हा भेटायचं. आईसुद्धा असंच करायची.

पण झोपायच्या खोलीतला वास वेगळा आहे. बुटांचा नाही, पुस्तकांचा नाही. गोडसर, कुबट. पलंगाच्या डोक्याकडून येतो. दोन महिने झाले, मी गाद्या उन्हात घातल्या, पडदे धुतले, कपाट रिकामं करून ब्लीचने पुसलं. वास जात नाही.

हा वास मला ठाऊक आहे. वादळाचं पाणी उतरल्यावर घराचं दार उघडलं तेव्हा हाच आला होता.

१७ जुलै

खोकला : झोपायच्या खोलीत नऊ.

२१ जुलै

आज पलंग ओढला. एकटीनेच, ओव्हीद जाळ्यांच्या शेडमध्ये होता. पलंगामागे, तळाच्या स्कर्टिंगच्या पट्टीच्या वर, भिंतीच्या रंगाला फोड आलेत. फोडावर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला! भिंतीत! ओल्या पावात जावा तसा. बाहेर काढला तर नखाखाली काळं.

पलंग परत जागेवर ढकलला. हात तीनदा धुतले. मग भेंडी चिरायला घेतली, कारण संध्याकाळी गंबो, म्हणजे भेंडी-कोळंबीचा आमचा दाट रस्सा, करायचा होता आणि दुसरं काय करणार होते मी.

२२ जुलै

ओव्हीदला दाखवलं. तो खाली वाकला, बघितलं, खोकला.

"वरून रंग दे," म्हणाला.

"रंग? अरे, भिंत कुजली आहे!"

"जरा खरवड, ब्लीच लाव आणि रंग दे. एवढ्याशासाठी कुठे भिंत फोडतेस?"

हा माणूस बोटीच्या तळाला नखाएवढी भेग दिसली तर बोट बाहेर काढायचा. अख्खा हंगाम बुडाला तरी चालेल म्हणायचा. आणि आता म्हणे रंग दे! म्हातारपण दुसरं काय.

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. रंगच द्यायचा तर मला हरकत नव्हती.

२७ जुलै

डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. रकानेच वाचले, बाकीच्यावर मी हात ठेवला होता. पोरगी माझ्या लेकीपेक्षा, डेल्फीनपेक्षाही लहान, पण नजर करवतीसारखी.

"पडवीत शून्य. शेडमध्ये शून्य. चर्चमध्ये शून्य. सगळा खोकला एका खोलीत. आजी, त्या खोलीत काय आहे?"

"पलंग आहे," ओव्हीद म्हणाला.

मी म्हणाले, "भिंतीत ओल आहे."

मग तिने सगळं विचारलं. घरात पाणी शिरलं होतं का? किती? भिंती केव्हा बंद केल्या? बंद करताना लाकूड कोरडं होतं का?

"कोरडं होतं," ओव्हीद म्हणाला. मी विचारात पडायच्या आतच म्हणाला. ती म्हणाली, होतं तर मग आत बुरशी कशी? भिंत उघडा. रंगबिंग देऊ नका. ह्यांच्या फुप्फुसाला आणखी एक हिवाळा त्या खोलीत परवडणार नाही.

गाडीत ओव्हीद एवढंच म्हणाला, "नोलनने काम नीट केलं नसणार."

नोलन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. सुतार. वादळानंतर आमच्या भिंती त्याने लावल्या.

२८ जुलै

रात्रभर नोलनचं नाव डोक्यात. आता लिहून टाकते. वही माझी आहे, आणि पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंना दुसरी नेईन.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात घरात कमरेएवढं पाणी. उतरल्यावर सगळे करतात तेच आम्हीही केलं — चार फुटांपर्यंत भिंतीचे जिप्समचे बोर्ड कापून काढले, ग्लासवूल उपसून रस्त्यावर टाकलं, आतले उभे लाकडी खांब उघडे ठेवले आणि पंखे लावून वाट बघत बसलो. लाकडातली ओल पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही, हे इथे पोरालाही ठाऊक असतं. आणि एकेका घराची भिंत बंद करायला सगळा रस्ता येतो. ही आमची इर्जिक, आजोबांच्या काळापासूनची. ज्याचं घर त्याने जेवण करायचं, बाकीच्यांनी हात लावायचे. शनिवार ठरलेले. चर्चच्या दारावर कागद लावला होता, घराच्या नावापुढे तारीख आणि ओलीचा आकडा. ओल मोजायचं मीटर सगळ्या रस्त्यात एकच. चर्चचं. दोन दोन दिवस घरोघर फिरायचं. दोन टोकं लाकडात टोचायची, आकडा येतो, तो आपापल्या हाताने दारावरच्या कागदावर लिहायचा. तपासायला कोणी येत नसे. कोण कशाला खोटं लिहील? स्वतःच्याच घराचं?

आमचा शनिवार होता नोव्हेंबरचा दुसरा. मीटर आलं गुरुवारी. ओव्हीद बोटीवर होता. मी स्वयंपाकघराच्या भिंतीत टोचलं — चौदा! नाचायचंच बाकी होतं. मग झोपायच्या खोलीत टोचलं. बावीस. पुसून पुन्हा टोचलं. बावीस. हातभर वर — एकवीस.

शनिवार चुकला की नाव यादीच्या तळाशी. म्हणजे नाताळ झाल्यावर. दहा आठवडे आम्ही अंगणातल्या कॅम्परमध्ये, चाकांवरच्या त्या डब्यात, राहत होतो. आंघोळीला उभं राहिलं की कोपर भिंतीवर, जेवायला बसलं की गुडघे टेबलावर, छत रात्रभर आमच्याच श्वासाचं पाणी आमच्यावर टपकवायचं. मी रोज रडायचे. भांडी घासताना, म्हणजे ओव्हीदला ऐकू येऊ नये. चाळीस वर्षं नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं घराणं माझ्याकडे गंबोला आलं आहे. त्या वर्षी कोणाच्या दारात उभी राहणार होते मी? वाडगा घेऊन?

कागदावर मी चौदा लिहिलं.

खोटं नव्हतं. स्वयंपाकघराचा आकडा होता. असं मी तेव्हा मनाला सांगितलं. दोन वर्षं सांगते आहे. खोलीला वरून चकचकीत तेलरंगही दिला, पुसायला सोपा म्हणून, आणि आतल्या ओलीला बाहेर यायला जी काय फट राहिली असेल तीही बुजवली.

ओव्हीदचा खोकला माझ्या हातचा आहे.

२ ऑगस्ट

भिंत फोडली. मीच. डेल्फीन बॅटन रूजहून फोनवर ओरडत होती, "आई, माणसं बोलाव!" म्हटलं, माणसं बोलावली तर माणसं बघतील. तोंडाला मास्क, हातात पहार. वादळानंतर इथल्या प्रत्येक बाईला हे येतं.

पहिला तुकडा निघाला आणि मी मागे सरले. बोर्डाची आतली बाजू काळी. नुसती काळी नाही, मखमली. ग्लासवूल गच्च. खांब तळाशी पिवळट, नख लावलं तर धागे सुटतात.

ओव्हीद दाराशी उभा. आत येऊ नको म्हटलं तरी तिथेच. रुमाल तोंडाला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी.

"नोलन..." म्हणाला. पुढचं खोकल्यात गेलं.

मी पहार मारत राहिले. बोलायची हीच वेळ होती. पहार आणखी जोरात मारली.

३ ऑगस्ट

खोकला : दोन. पडवीत खाट टाकली आहे. डास त्याला खातात, पण खोकत नाही.

८ ऑगस्ट

आज चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचा कार्यक्रम. कोळंबीच्या कढईवर मी होते, म्हणून अर्धंच ऐकू आलं. अर्धं पुरे झालं.

कोणीतरी चेष्टेने विचारलं, "काय रे ओव्हीद, दोन वर्षांची भिंत फोडलीस म्हणे? बायकोने पैसे लपवले होते का आत?"

हशा. मग दुसरा म्हणाला, "पण तुमचा आकडा तर चौदा होता ना? माझ्या खालीच तुमचं नाव होतं कागदावर."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. तेल टपटप खाली.

ओव्हीद बोलला. इतक्या चटकन की प्रश्न संपायचाच होता. "आकडा बरोबर होता. आकड्याला काय झालंय? काम भिकार होतं. नोलनने बाहेरच्या बाजूला फट ठेवली, पाऊस आत शिरला. भाऊ आहे म्हणून गप्प होतो, नाहीतर त्याला कुत्र्याचं घरसुद्धा बांधायला देऊ नये!"

नोलन तिथेच होता! कोपऱ्यात, कागदाच्या ताटलीत अर्धा मासा. उठला, ताटली कचऱ्यात टाकली, टोपी घातली आणि गेला. जाताना ओव्हीदकडे बघितलं. रागाने नाही. कसं ते मला सांगता येत नाही.

ओव्हीदने असं सगळ्यांसमोर कधीच कोणाला बोललेलं मी ऐकलं नाही. तो घरी भांडतो, बाहेर हसतो. खोकल्याने माणूस चिडचिडा होतो.

मी काय केलं? कोळंबी परतली.

९ ऑगस्ट

खोकला : नाही. मला झोप नाही.

१४ ऑगस्ट

क्लीटा आली. नोलनची बायको, माझी जाऊ. मागच्या दाराने. तीस वर्षं ती पुढच्या दारानेच येते, हातात काहीतरी झाकलेलं घेऊन. आज हात रिकामे.

"बसणार नाही मी," म्हणाली, आणि बसली. "चर्चच्या हॉलचं काम होतं नोलनकडे. नव्या भिंती, नवं छत. सहा महिन्यांचं काम. समिती आता म्हणते, जरा थांबू या. थांबू या! हे तुझ्या नवऱ्याच्या जिभेमुळे."

"क्लीटा, कॉफी..."

"कॉफी घाल चुलीत! वयाच्या चोविसाव्या वर्षापासून त्याने ह्या खाडीवरच्या निम्म्या भिंती लावल्यात. एक दाखव, एक, जिच्यात फट आहे. तुमच्या घराला त्याने पैसे नाही घेतले. शनिवारनंतर आणखी चार दिवस येऊन दारं नीट केली. आठवतं? का तेही वादळात वाहून गेलं?"

आठवतं. चारही दिवस त्याला जेवायला मीच वाढलं.

"तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"काही म्हणत नाही. तेच तर! मी म्हणते, जा, भावाला विचार जाब. तर म्हणतो, जाऊ दे. हल्ली शेडमध्ये जाऊन बसतो, करवतीला धार लावतो. आधीच धार असलेल्या करवतीला. बासष्ट वर्षांचा माणूस, व्हर्ली. नावावरच तर पोट आहे त्याचं. नाव गेलं की काय राहिलं?"

मग ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने ठेवू दिला, त्याचं मला जास्त लागलं. त्या हाताची मला घाण वाटली.

सांगितलं नाही. ती गेल्यावर सांगितलं — खुर्चीला.

१५ ऑगस्ट

मेरीमातेचा सण. मिसाच्या आधी कबुलीजबाबाला गेले. जाळीपलीकडे फादर, त्यांना सर्दी.

सगळं सांगितलं. मीटर, बावीस, चौदा, नोलन. वाटलं होतं, ते दहा प्रार्थना सांगतील आणि मी हलकी होऊन बाहेर पडेन.

फादर बराच वेळ नाक पुसत होते. मग म्हणाले, "व्हर्ली, देवाने माफ केलं समज. पण समितीच्या बैठकीला देव येत नाही. ज्याचं नाव गेलंय त्याच्याकडे जा."

"तुम्हीच सांगा ना समितीला."

"मला इथलं बाहेर बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तर इथे आलीस!"

सर्दी झालेला माणूस इतकं खरं का बोलतो.

२० ऑगस्ट

आधी नवऱ्याला सांगायचं असं ठरवलं. त्याचा हक्क पहिला, फुप्फुसं त्याची आहेत. संध्याकाळी पडवीत तो जाळ्याची गाठ मारत होता. मी वाटाणे सोलायला घेतले, हाताला काम असलं की तोंड चालतं.

"ओव्हीद, त्या वेळी मीटर आलं होतं ना घरी..."

"मीटरचं कशाला काढतेस?"

"नाही, पण मी जे लिहिलं..."

"तू लिहिलंस ते बरोबर होतं. झालं." गाठ ओढली, सुतळी कचकन तुटली. "काम नोलनचं होतं, चूक नोलनची. तू त्यात पडू नकोस."

"अरे ऐकून तर घे!"

"व्हर्ली, जेवायला काय आहे?"

आणि उठून शेडमध्ये गेला. वाटाणे परातीत तसेच. पंचेचाळीस वर्षांत ह्या माणसाने माझ्या कुठल्याही आकड्यावर शंका घेतली नाही. वाण्याची यादी असो, डेल्फीनचा ताप असो. माझ्यावरच्या विश्वासापायी सख्ख्या भावाला चुलीत घालतो आहे! हा विश्वास मी घेऊ कुठे?

२४ ऑगस्ट

पाऊस. बादली तीनदा.

३० ऑगस्ट

खोलीत आता नुसता सांगाडा. कुजलेला भाग कापून काढला, खांब घासले, औषध फवारलं. पंखा दिवसरात्र. डेल्फीनने नवं मीटर पाठवलं, आमचं स्वतःचं. रोज सकाळी टोचते. सव्वीस. चोवीस. चोवीस. तेवीस. पाऊस झाला की पुन्हा चोवीस. लाकूड घाई करत नाही. आणि ह्या वेळी मीही करणार नाही.

ओव्हीदचा खोकला दिवसाला एक-दोनवर आला. रकाने रिकामे जातात. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "शाब्बास आजी, तुमची वही नसती तर कळलंच नसतं."

उघड्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसते हल्ली. ओल वाईट नसते खरं तर. इथलं सगळंच ओलं, माती, हवा, माणसं. ओल उघडी राहिली तर वाऱ्याने जाते. कोंडली की सडते. हे मला दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून मी बोर्ड लावू दिला, रंग दिला, आणि त्याच भिंतीला डोकं लावून झोपले. नाताळ मात्र सुरेख झाला त्या वर्षी. चौतीस माणसं. नोलनने दोनदा गंबो घेतला आणि म्हणाला, "वहिनी, ह्यासाठी वाटेल ते करीन." सगळे हसले. मीही.

४ सप्टेंबर

समितीची बैठक रविवारी. क्लीटा चर्चमध्ये माझ्याशेजारी बसत नाही आता, खांबापलीकडे बसते. काम दुसऱ्या गावच्या माणसाला द्यायचं जवळजवळ ठरलंय म्हणतात.

ओव्हीदला आज पुन्हा म्हटलं, नोलनशी बोल. म्हणाला, "वेळ गेली."

नाही गेली. अजून दोन दिवस आहेत. ओव्हीदला सांगायचं राहू दे. आधी नोलन. मग रविवारी समितीसमोर उभी राहीन, माझ्याच तोंडाने. लोक हसतील, हसू देत. चर्चच्या दारावर खोटा आकडा लिहिणारी बाई म्हणून मरेपर्यंत बोट दाखवतील. दाखवू देत. मी जाणार.

६ सप्टेंबर

नोलनकडे गेले. शेडमध्ये होता. उभ्यानेच सगळं सांगितलं — बावीस होतं, मी चौदा लिहिलं. त्याने करवत खाली ठेवली.

"वहिनी, पहिला स्क्रू आत गेला तेव्हाच कळलं मला. ओल्या लाकडात स्क्रू कसा जातो ते कळायला मला मीटर नाही लागत."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो. माणसं यायच्या आधी दादाला बाहेर ट्रकपाशी नेलं आणि सांगितलं, ही खोली ओली आहे, आज नको."

"तो काय म्हणाला?"

नोलनने माझ्याकडे बघितलं. हॉलमध्ये भावाकडे बघितलं होतं ना, तसंच.

"म्हणाला, 'ती रोज भांडी घासताना रडते, नोलन. तिने चौदा लिहिलंय, मग चौदाच. तू बोर्ड लाव.'"